टेकिंग द बास्केट अप, आई

सुनेला उलट उत्तर द्यायला शिकवणारी सासू तुम्ही कधी पाहिली नसेल, तर आता माझ्याकडे नीट बघून घ्या. आणि उलट उत्तर तरी साधंसुधं का, चांगलं इंग्रजीतून! आमच्या बिल्डिंगमधल्या बायका अजून म्हणतात, म्हातारीनं आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

मी काही सांगते ते जरा फुगवून सांगते, हे मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. तरुणपणी उतारावरून सुटलेला रोडरोलर मी वेणी अडकवून थांबवला होता, हे मी सांगायला लागले की माझा लेकच सगळ्यात आधी हसतो. पण ही सुनेची गोष्ट खरी आहे. रोलरची पण खरी आहे, पण ते जाऊ द्या.

तर माझी सून बोलत नाही. मुकी नाही हं. मान हलवते. चहा हवा का? मान. झोप झाली का? मान. नवरा बरा वागतो ना? मान, पण जराशी तिरकी. त्यात तिची तरी काय चूक म्हणा. माझा लेक न्हावी. कात्री आणि जीभ, दोन्ही हत्यारं दिवसभर चालू. आणि त्याची आई मी. घरातली बोलायची सगळी जागा आम्ही दोघांनी अडवून ठेवलेली, तिसऱ्या माणसाला एक शब्द ठेवायचा म्हटलं तर कोपरा शिल्लक नाही.

ती बांधकामावर काम करते. आमच्या खिडकीतून ते मोठं हॉस्पिटल उभं राहताना दिसतं ना, तिथे. क्रेनच्या हुकाला खालून माल बांधायचा, हे तिचं काम. कधी सळयांचा भारा, कधी फळ्या, कधी काँक्रीटची बादली. बादली म्हणजे न्हाणीघरातली नव्हे. तिच्यात माझं अख्खं स्वयंपाकघर मावेल, वर मी झाकण म्हणून बसेन, एवढी. हुक लावता लावता तिच्या करंगळीचं टोक एकदा चेंगरलं, ते अजून वाकडं आहे. तेव्हाही ओरडली नाही बया. मान हलवली.

आणि तिला हवं काय होतं? ती वरची खुर्ची. क्रेनच्या टोकाला ती काचेची खोली असते, तिथली. तिथे एक वयस्कर क्रेनवाले बसायचे, ते आता घरी बसणार होते. जेवणाच्या सुट्टीत तिला वर नेऊन त्यांनी तिला सगळे दांडे, सगळी बटणं शिकवली होती. हात तयार होता तिचा. मालकांनी सांगितलं, चाचणी पास झाली तर खुर्ची तिची. नाही झाली तर बाहेरून माणूस आणू. आणि एकदा आणला की हॉस्पिटल पुरं होईपर्यंत तो काही उठायचा नाही.

मी तिला विचारलं होतं, "अगं, एवढं उंच जाऊन बसायची हौस कसली तुला?"

बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "खाली दहा जण एकदम ओरडतात, आई. वर एकच आवाज येतो."

मला वाटतं, लग्न झाल्यापासूनचं ते तिचं सगळ्यात लांब वाक्य होतं. मी तर बाई गप्पच झाले, आणि मला गप्प करणं म्हणजे रोलर थांबवण्याइतकंच अवघड.

तर पहिली चाचणी झाली. संध्याकाळी घरी आली, चपला काढल्या, भिंतीला टेकून बसली.

"काय गं, झाली पास?"

मान आडवी.

"बादली पाडलीस?"

आडवी.

"कुणाच्या डोक्यात घातलीस?" माझ्या लेकानं विचारलं. "मुकादमाच्या घातली असशील तर आज बाहेर जेवू."

"तू गप रे," मी म्हटलं. "सूनबाई, तोंडानं सांग."

तेव्हा कुठे एकेक शब्द बाहेर आला. झालं असं होतं. वरच्या माणसाशी सगळं बोलणं रेडिओवर, आणि रेडिओवर इंग्रजी. साइटवर दहा मुलखांची माणसं, कुणाचं कुणाला कळत नाही, म्हणून सगळ्यांना सारखीच परकी असलेली भाषा घेतली, भांडण नको. खाली एक इशारेवाला असतो, तो सांगतो आणि वरचा माणूस करतो. सगळे त्याला शिट्टी म्हणतात, कारण रेडिओ बिघडला की तो शिट्ट्यांवर क्रेन चालवतो. तर शिट्टीनं खालून विचारलं, ऐकू आलं का? आणि आमच्या सूनबाईंनी काय केलं?

"मी मान हलवली," ती म्हणाली.

"कुठे?"

"वर."

"वर? त्या काचेच्या खोलीत? एकटीनं?"

मान.

अहो, मला हसू आवरेना. एवढ्या उंचीवर बसून मान हलवली! कावळ्यांना कळलं असेल, ढगांनी होकार धरला असेल, पण खाली शिट्टीला काय कळणार? तो बापडा विचारतोय आणि ही हलवतेय. तो पुन्हा विचारतोय, ही आणखी जोरात हलवतेय. शेवटी परीक्षक बाईंनी हात वर केला, थांबवा म्हणाल्या. मी एवढी हसले की माझी कवळी पदरात पडली. मग बघितलं तर सूनबाईच्या डोळ्यांत पाणी. तेव्हा मात्र मी कवळी गुपचूप जागेवर बसवली.

"महिनाअखेरीला पुन्हा बोलावलंय," ती म्हणाली. "शेवटचं. पण नुसतं मानेचं नाही, आई. मला कळतच नाही ते काय बोलतात. मी पुस्तकातून सगळे शब्द पाठ केलेत. टेक म्हणजे घेणे. ब्रिंग म्हणजे आणणे. लेट म्हणजे परवानगी देणे. आणि ते म्हणतात, लेट इट डाऊन. मी मनात म्हणते, परवानगी द्या, त्याला, खाली. कुणी कुणाला परवानगी द्यायची? तेवढ्यात पुढचं येतं."

लेक म्हणाला, "क्लास लाव."

"क्लासला पुस्तकातलंच शिकवतात," मी म्हटलं. "उद्या किल्लीवाल्यांना विचारते."

किल्लीवाले म्हणजे आमच्या खिडकीच्या बरोब्बर खाली ज्यांची टपरी आहे ते. आम्ही चौथ्या मजल्यावर. ते कुलपं उघडतात, किल्ल्या करतात, आणि तरुणपणी जहाजावर होते. निदान ते तसं म्हणतात. या गल्लीत मला थापांमध्ये टक्कर देईल असा तेवढा एकच माणूस.

सकाळी मी खाली गेले. सगळं सांगितलं. किल्लीवाल्यांनी कानस बाजूला ठेवली.

"वहिनी, तुमच्या सुनेची चूक एवढीच, की ती शब्दांना एकेकटं भेटते. इंग्रजी क्रियापद एकटं काही कामाचं नसतं. कुणाबरोबर बसलंय ते बघायचं. आता मला जहाजावर पहिल्याच दिवशी कॅप्टन म्हणाला, मेक द बेड. मला वाटलं, मेक म्हणजे बनवणे. घेतली करवत, एक दार उतरवलं, आणि संध्याकाळपर्यंत नवीकोरी खाट बनवून दिली."

"मग?"

"मग कळलं, चादर नीट करायला सांगत होता."

"आणि दार?"

"कॅप्टन शेवटपर्यंत त्याच्यावरच झोपला. फक्त कूस बदलली की कडी वाजायची."

बघा. हा माणूस मला आवडतो तो यासाठी.

"इंग्रज लोक सर्दीसुद्धा कॅच करतात आणि बससुद्धा कॅच करतात," ते म्हणाले. "दुकानही रन करतात आणि अंघोळीचं पाणीही रन करतात."

मला आधी गंमत वाटली, सर्दीच्या मागे गल्लीभर कोण धावत सुटेल! पण जिना चढता चढता माझ्याच डोक्यात उजेड पडला. घरी पोचले ती धापा टाकत सूनबाईसमोर बसले.

"हे बघ. आपण कपडे घालतो. बरोबर? मग पोराला अंघोळ घालतो. गोंधळ घालतो. वाद घालतो. झाडाला पाणी घालतो. दुपारी पाठ टेकली की वेळ वाया घालवतो, ते सोड. आता परक्या माणसाला नुसतं घालणे शिकवलं, तर तो बिचारा गोंधळ कुठल्या अंगात घालेल?"

तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"आणि मारणे? हाक मारतो, गप्पा मारतो, उडी मारतो, चक्कर मारतो, डोळा मारतो. दिवसभर मारामारी, आणि लागत कुणालाच नाही. तुला कुणी अर्थ शिकवला का यांचा? जोडीजोडीनंच आले ना कानात? मग यांचंही तसंच. जोडपंच्या जोडपं घरात घ्यायचं. नवऱ्याला वेगळं नि बायकोला वेगळं बोलवायला गेलीस तर भांडणच हाती येणार."

"आणि इट?" ती म्हणाली. "तो सगळीकडे असतो."

खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं. मी खिडकीतून वाकून विचारलं. किल्लीवाले खालून ओरडले, "तो घरातलं शेंडेफळ आहे, वहिनी! टेक आणि अप नवरा-बायको. इट त्यांच्या मधे झोपणार. टेक इट अप! त्याला कडेला झोपवलं की रडतो. टेक अप इट कुणी म्हणत नाही. मोठी माणसं, म्हणजे बास्केट, बकेट, ती मधे झोपोत नाहीतर कडेला, चालतं!"

समोरच्या बिल्डिंगमधल्या शिंपीणबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "कोण कुणाच्या मधे झोपलंय हो?" त्यांना समजावण्यात सकाळ गेली.

आता आमच्या खिडकीबद्दल सांगायला हवं. आमचे हे गेले, पण जाण्याआधी त्यांनी तिथे एक कप्पी बसवून ठेवली. तिच्यावरून दोर, दोराला टोपली. भाजीवाला खाली आला की मी टोपली सोडते, तो भरतो, मी ओढून घेते. माझे गुडघे आणि हा जिना यांचं पटत नाही, म्हणून ही सोय. त्या कप्पीकडे बघता बघता मला सुचलं. अहो, आपल्या घरात क्रेन आहे की! बारकी आहे एवढंच.

असं ठरवलं. सूनबाई कामावरून आली, की दोर तिच्या हातात. किल्लीवाले खाली उभे राहून शिट्टीसारखे हुकूम सोडणार, इंग्रजीत, आणि इट लावून. कारण कामावरची माणसं तसंच बोलतात. बादली समोर लोंबकळतेय, तिचं नाव कशाला घ्यायचं? आणि हिनं प्रत्येक हुकमाला मोठ्यानं उत्तर द्यायचं. तेही नुसतं येस नाही. ते इट म्हणाले की हिनं त्या वस्तूचं नाव घेऊन सांगायचं, मी अमुक वर घेतेय, तमुक खाली सोडतेय. हा नियम माझा. इंग्रजीसाठी नव्हता केला बरं का. मला जरा कमी ऐकू येतं आणि टोपलीत काय वर येतंय ते मला कळायला नको?

पहिल्या संध्याकाळी टोपलीत बटाटे.

"पिक इट अप!" किल्लीवाले ओरडले.

सूनबाईनं मान हलवली आणि दोर ओढला.

"सोड!" मी म्हटलं. "सोड तो दोर. तोंड कुठंय?"

पुन्हा "पिक इट अप!" पुन्हा मान. तिच्या हातात नव्हतंच ते. मानेतच मुरलेलं. मग मी स्वयंपाकघरात गेले, स्टीलचा पेला काठोकाठ भरला आणि आणून तिच्या डोक्यावर ठेवला.

"आता हलव मान."

"आई!"

"पाणी सांडलं तर फरशी तू पुसायची."

लेक तेवढ्यात दुकानातून आला. बायको खिडकीत उभी, डोक्यावर पेला, हातात दोर, शेजारी आई. त्यानं काहीही विचारलं नाही. आल्या पावली परत गेला आणि म्हणे अर्ध्या तासानं पुन्हा आला, घर बरोबर आहे ना बघायला.

तीन वेळा पाणी मानेवरून पाठीत गेलं. चौथ्या वेळी खालून आवाज आला, "टेक इट अप!" आणि माझ्या शेजारून, मांजराच्या पिल्लाएवढा आवाज, "टेकिंग द बास्केट अप, आई."

"मी नाही गं, ते सांगतायत," मी म्हटलं.

"ऐकू नाही आलं!" किल्लीवाले.

"टेकिंग द बास्केट अप, आई!"

"कोण आई? मी आई नाही!"

पण शेजारी मी उभी, आणि आजवर ती मोठ्यानं जे काही बोलली ते मलाच. तिच्या जिभेला दुसरी वाटच माहीत नव्हती. मी म्हटलं, राहू दे. आई म्हणून का होईना, बोलतेय ना. किल्लीवाले खाली कपाळाला हात लावून हसत होते.

मग रोज संध्याकाळी आमच्या गल्लीत तमाशा. होल्ड इट, स्विंग इट राउंड, ब्रिंग इट डाऊन. ती उत्तर देतेय, होल्डिंग द पोटॅटोज, आई. ब्रिंगिंग द सोप डाऊन, आई. शिंपीणबाई टोपलीत काय काय ठेवायच्या, कात्री, उशी, एकदा तर त्यांचं मांजर. मांजराला घेऊन टोपली वर आली तेव्हा सूनबाई न अडखळता म्हणाली, "टेकिंग द कॅट अप, आई," आणि मांजरानं माझ्या हातावर जो ओरखडा काढला तो अजून आहे. दाखवते हवा तर. वाघाचा आहे असं मी नव्या लोकांना सांगते.

तिला आता अर्थ लावायला लागत नव्हता. सेट इट डाऊन कानावर पडलं की हात आपोआप हलके होत. जोडपी घरात राहायला आली होती. भांडी घासतानासुद्धा पुटपुटायची.

आणि एका संध्याकाळी ते झालं. टोपलीत अंडी होती. दोर मधोमध. मी आपली शेजारी उभी राहून, "हळू गं, डावीकडे धर, अगं भिंतीला लागेल, माझ्या वेळी मी शहामृगाची अंडी..."

"आई, तुम्ही जरा गप्प बसा. माझ्या हातात माल आहे."

दोर थांबला. खाली किल्लीवाले थांबले. शिंपीणबाईंनी शिलाई मशीन थांबवलं, ते मलासुद्धा ऐकू आलं. सूनबाई स्वतःच घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

आता सासू म्हणून मला राग यायला हवा होता. आला की थोडासा, खोटं का बोलू. पण डोक्यावरचा पेला बघितला. काठोकाठ, थेंब सांडला नव्हता. मी तोंडावर बोट ठेवलं आणि आत जाऊन स्टुलावर बसले. त्या रात्री तिनं मला अंड्याची पोळी करून दिली. एकही फुटलेलं नव्हतं.

चाचणीच्या दिवशी मी घरी कशी बसणार? किल्लीवाल्यांनी टपरी बंद केली आणि आम्ही दोघं निघालो. गेटवर रखवालदार आडवा.

"कुठे, आजी?"

"क्रेनची आई आहे मी."

"कुणाची?"

"ती उंच उभी आहे ना, तिची. लहानपणी फार खायची, म्हणून वाढली."

तो हसला, आणि जो माणूस हसला तो अर्धा फुटला असं समजायचं. हेल्मेट दिलं, आपल्या केबिनमध्ये बसवलं, वर चहा. आणि केबिनच्या टेबलावर त्याचा रेडिओ चालू होता! सगळं ऐकू येत होतं. नशीब काढलं होतं मी त्या दिवशी.

आधी एक तरुण मुलगा वर गेला, बाहेरून बोलावलेला. हात सफाईदार. शिट्टी सांगेल तसं, तोंडातून चकार शब्द नाही. बादली उचलली, फिरवली, ठेवली, लोण्यासारखं काम. किल्लीवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं.

मग माझी सून शिडी चढायला लागली. एवढी एवढीशी होत गेली, पिंजऱ्यातल्या चिमणीसारखी. खाली हुकापाशी तिच्या जागेवर कुणी नवा माणूस होता. शिट्टी पलीकडच्या बाजूला, बादली जिथे उतरवायची तिथे, मचाणाजवळ उभा. मचाणावर गवंडी काम करत होते. परीक्षक बाई मधे, हाताची घडी घालून.

रेडिओ खरखरला. "पिक इट अप."

क्षणभर काहीच नाही. मी पदर चावत होते. हलवली की काय हिनं मान?

आणि मग, स्पष्ट, खणखणीत: "पिकिंग द बकेट अप, आई."

अहो, अख्खी साइट हसली. रखवालदाराचा चहा नाकात गेला. शिट्टीचं हसणं रेडिओवर ऐकू आलं. परीक्षक बाई मात्र हसल्या नाहीत. मी म्हटलं, गेलं सगळं. माझ्या त्या टोपलीनं घात केला पोरीचा. किल्लीवाले मान खाली घालून बसले.

पण ती थांबली नाही. स्विंगिंग द बकेट राउंड, आई. सेटिंग द बकेट डाऊन, आई. बादली अलगद उतरली. हुक परत आला. दुसऱ्या फेरीला आणखी एक बादली न्यायची होती, पण तिच्या तळाचं तोंड नीट बंद होईना, म्हणून हुकापाशीच्या त्या नव्या माणसानं वेळ वाचवायला शेजारचा सळयांचा भारा अडकवून दिला. कुणाला सांगितलं नाही. शिट्टी मचाणाकडे तोंड करून गवंड्यांशी बोलत होता, त्याला वाटलं बादलीच आहे.

"टेक इट अप," तो म्हणाला.

"टेकिंग द रॉड्स अप, आई."

मग शिट्टीचा आवाज, एकदम बदललेला. "होल्ड इट! होल्ड इट!"

"होल्डिंग द रॉड्स."

भारा जमिनीपासून हातभर वर होता, तिथेच थांबला. डुललासुद्धा नाही. शिट्टी वळला, बघितलं, आणि त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून पुन्हा घातलं. त्या सळया लांबच लांब. बादली गेली त्या वाटेनं फिरवल्या असत्या तर आधी मचाणाला लागल्या असत्या. त्यानं हात हलवून गवंड्यांना खाली उतरवलं, वाट मोकळी केली, आणि मग सांगितलं तसा भारा दुसऱ्या बाजूनं गेला, शांतपणे, वरातीसारखा. या वेळी तिच्या उत्तरावर कुणी हसलं नाही. आई म्हणाली तरी नाही.

ती खाली उतरली तेव्हा आम्ही गेटच्या आत उभे होतो. तिनं आम्हाला बघितलं नव्हतं. परीक्षक बाई तिच्यापाशी गेल्या.

"प्रत्येक हुकमाला मालाचं नाव घेऊन उत्तर द्यायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

सूनबाईची मान हलायला लागली, मी बघितलं, आणि तिनं ती मधेच थांबवली. जसा काही डोक्यावर पेला होता.

"घरी," ती म्हणाली. "आमच्या आईंना कमी ऐकू येतं."

"हं." बाईंनी शिट्टीकडे बघितलं, मग त्या तरुण मुलाकडे. "उद्यापासून या साइटवर सगळ्यांनी असंच बोलायचं. वर कुणीही बसलेलं असो. सध्या या बसतील." मग पुन्हा सूनबाईकडे वळल्या. "एक विचारायचं राहिलं. आई कोण?"

शिट्टीनं हळूच हात वर केला. "बाई, मीच असेन. मलाच म्हणत होत्या."

मग मात्र परीक्षक बाई हसल्या. मी आणि किल्लीवाले गेटपाशी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रडत होतो की हसत होतो, आता आठवत नाही. तो मुलगा सूनबाईपाशी आला आणि म्हणाला, "ताई, मलाही शिकवा ते." ती म्हणाली, "या घरी. पेला आहे आमच्याकडे." त्याला काही कळलं नाही. पण आला हो तो नंतर. त्याचीही फरशी पुसून झालीय आमच्याकडे.

शिट्टीला आता कुणी शिट्टी म्हणत नाही. सगळी साइट त्याला आई म्हणते. एवढा मिशाळ माणूस, आणि जेवणाच्या सुट्टीत दहा मुलखांची माणसं हाका मारतात, आई, जेवायला चला. त्यालाही आवडतं, असं सूनबाई सांगते. सांगते, म्हणजे तोंडानं सांगते. घरात आल्याबरोबर सुरू. बादली कुठे नेली, वारा कसा सुटला, वरून आमची खिडकी केवढी दिसते. माझ्या लेकाला मधे शिरायला जागा मिळत नाही. काल तो म्हणाला, "आई, हिला थोडी मान हलवायला शिकव ना."

मला उलट उत्तरं देते का? देते तर. मी म्हटलं, ते आण गं इकडे, तर म्हणते, "ते म्हणजे काय? नाव घ्या, आई, नाहीतर सळया आणीन." बिल्डिंगमधल्या बायका माझ्याकडे बघतात. बघू देत.

रोज सकाळी मी खिडकीत बसते. तिकडे ती मोठी क्रेन फिरते, इकडे मी माझी टोपली सोडते. आणि काल काय झालं सांगू? मी सहज गंमत म्हणून खिडकीतून ओरडले, "होल्ड इट!" आणि ती अख्खी क्रेन जागच्या जागी थांबली. शप्पथ! किल्लीवाले म्हणतात, तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती.

म्हणोत बापडे. त्यांना काय, ते दारावर झोपणाऱ्या कॅप्टनच्या गोष्टी सांगतात.